पॉकेट बंद झालं. आता वाचनसाहित्य साठवायचं कुठे?

मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी 'पॉकेट' बंद केलं. 'नंतर वाचू' म्हणून लेख बाजूला ठेवायची ही सेवा २००७ मध्ये 'रीड इट लेटर' या नावाने सुरू झाली होती. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ऑम्निव्होर' बंद पडलं. 'एव्हरनोट' चालू राहिलं, पण डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी मोफत खात्यावर फक्त ५० नोट्सची मर्यादा घातली. त्यामुळे नवीन ॲप निवडताना फीचर्सच्या आधी एक प्रश्न विचारा: उद्या हे बंद झालं, तर माझ्या हातात काय उरेल?

लिंक म्हणजे प्रत नव्हे

पॉकेटने यूझर्सना डेटा काढून घ्यायला मुदत दिली होती. पण मिळाली ती सीएसव्ही फाइल: शीर्षक, लिंक, टॅग. लेखाचा मजकूर त्यात नव्हता. मूळ वेबसाइट जिवंत असेल तोवर ठीक. पण साइटची रचना बदलली किंवा एखाद्या ब्लॉगचं डोमेन रिन्यू झालं नाही, की उरते नुसती यादी.

तीन पर्याय

झोटेरो: पीएचडी, स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता अशा कामांसाठी माझी पहिली पसंती. ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की पीडीएफ किंवा वेबपेजची प्रत तुमच्याच कॉम्प्युटरवर येते. ३०० एमबीची मोफत मर्यादा आहे ती फाइल्स त्यांच्या सर्व्हरवर सिंक करण्यापुरती. मात्र झोटेरोचं डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. डेटाबेस खराब होऊ शकतो.

ऑब्सिडियन: स्वतःची टिपणं जास्त असतील तर हे. सॉफ्टवेअर ओपन सोर्स नाही, पण नोट्स साध्या मार्कडाउन फाइल्स असतात, अगदी नोटपॅडमध्येही उघडतात. त्याच्या वेब क्लिपरने लेखाचा मजकूर येतो. चित्रं मात्र बहुतेक वेळा लिंक म्हणूनच राहतात, ती वेगळी उतरवून घ्यावी लागतात.

नोशन: टीमसाठी आणि टेबलांसाठी सोयीचं. एक्स्पोर्ट मिळतो, पण टेबलांमधले परस्परसंबंध त्यात जसेच्या तसे येत नाहीत.

मराठीची खास अडचण

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ दिसतात व्यवस्थित, पण सर्चमध्ये सापडत नाहीत. तपासायचं कसं? पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. भलतीच अक्षरं आली, तर कुठलंही ॲप तो शब्द शोधू शकणार नाही. स्कॅन केलेल्या जीआरचंही तेच, तिथे तर फक्त चित्र असतं. अशा फाइल्सवर ओसीआर करून घ्या. मोफत 'टेसरॅक्ट' मराठी वाचतं. तेवढा वेळ नसेल, तर निदान शीर्षक आणि टॅग युनिकोडमध्ये टाइप करा.

अर्ध्या तासाची चाचणी

आवडलेल्या ॲपमध्ये दहाच गोष्टी टाका: दोन वेबपेज, दोन मराठी पीडीएफ, बाकी तुमच्या रोजच्या कामातलं. मग एक्स्पोर्ट करा, इंटरनेट बंद करा आणि ते ॲप न उघडता फाइल्स वाचून बघा. दहापैकी किती नीट वाचता आल्या, ते मोजा. हजार लेख जमल्यावर हेच करायला गेलात, तर अख्खा आठवडा जाईल.