शब्दांचा शेजार आणि शब्दांचे नाते

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जाताना ‘पोर्ट’ हा शब्द हमखास कानी पडतो. इंग्रजी कोशात त्याच आद्याक्षरांचे ‘पोर्टर’, ‘पोर्टेबल’, ‘पोर्शन’ हे शब्द आढळतात. वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन ‘पोर्तारे’पासून हमालवाचक ‘पोर्टर’ व ‘पोर्टेबल’ आले. ‘पोर्शन’ मात्र वाटा या अर्थाच्या ‘पोर्तिओ’पासून. मराठीतही ‘आगर’ व ‘आगरी’ हे सगोत्र. दाराची ‘आगळ’ मात्र संस्कृत ‘अर्गला’पासून आलेली. कोशातील शेजार म्हणजे नाते नव्हे. म्हणूनच अकारविल्हे याद्यांचे पाठांतर मला अहितकारक वाटते. त्या विसरल्या की प्रौढ विद्यार्थी स्वतःच्या वयाला दोष देतो; वस्तुतः दोष पद्धतीचा असतो. शब्द त्याच्या कुळासह अभ्यासावा.