चढाई एकट्याची, आक्रमण संघाचे

कबड्डीचा सामना हरला की पराभवाचे खापर फोडण्यासाठी एक माथा नेहमीच हाताशी असतो, आणि तो म्हणजे चढाई करणाऱ्याचा. सात जणांतून एकटाच गडी मध्यरेषा ओलांडून परप्रांतात शिरतो. तो गुण घेऊन परतला तर वीर ठरतो आणि पकडला गेला तर अपराधी. प्रेक्षकांच्या मनाची ही रीत एक वेळ क्षम्य मानता येईल. पण लिलावात कोट्यवधी रुपये ओतणारे संघचालकही त्याच रीतीने विचार करू लागले, तर त्यांच्या संघाचे आक्रमण लंगडे पडल्यावाचून राहत नाही. यू मुम्बा या मुंबईच्या व्यावसायिक संघाची गेल्या दशकातील वाटचाल हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

या संघाच्या यशापयशाची बोच वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहापुरती मर्यादित नाही. मुंबई–गोवा महामार्गावर चिपळूण आणि खेड यांच्या दरम्यान असलेल्या लोट्यासारख्या गावापर्यंत ती पोहोचते. रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत म्हणून लोटे आज ओळखले जात असले, तरी भोवतालचा मुलूख हा हुतूतूचा मुलूख आहे. याच मुलखातील चाकरमानी गिरण्यांत नोकरीला गेले आणि लालबाग-परळच्या चाळींच्या अंगणात त्यांनी हा खेळ रुजवला. तेव्हा मुंबईचा संघ म्हणजे कोकणाच्या दृष्टीने घरचाच संघ. आणि घरच्या माणसाचे दुखणे काय, हे विचारण्याचा अधिकार घरच्यांना असतो.

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या तिन्ही मोसमांत यू मुम्बाने अंतिम सामना गाठला आणि २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून अजिंक्यपदही पटकावले. त्यानंतर मात्र २०२५ पर्यंतच्या एकाही मोसमात त्याला अंतिम फेरीचे तोंड पाहता आले नाही. चौथ्या आणि पाचव्या मोसमांत तो बाद फेरीच्या आधीच गारद झाला. पुढे आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा लागोपाठ तीन मोसमांत त्याला पहिल्या सहा संघांतही स्थान मिळाले नाही. एखादा मोसम वाईट जाणे हा दैवाचा भाग म्हणता येतो. पण दहा वर्षांच्या उपासाला दैव म्हणणे म्हणजे विचार करण्याचे टाळणे होय.

या दुखण्याचे निदान करायचे तर प्रथम खेळाची अंतर्गत रचना ध्यानात घ्यावी लागते. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तीस-तीस सेकंदांच्या चढाया आलटून-पालटून होतात. म्हणजे एका संघाच्या वाट्याला सुमारे ४० चढाया येतात. चढाई करणारा पकडला गेला की प्रतिपक्षाला गुण मिळतो, त्यांचा एक बाद गडी मैदानात परततो आणि चढाई करणारा स्वतः बाहेर बसतो. तो केव्हा परत येणार, हे त्याच्या हाती नसते. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. मुख्य चढाईपटू तिसरा बाद झालेला असेल, तर त्याच्या आधीचे दोघे आत आल्याखेरीज त्याची पाळी येत नाही. ते तीन गुण कोणी मिळवायचे? एक तर बचावफळीने पकडी करून, नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूने. हे दोन्ही दुबळे असतील, तर कोटी रुपयांचा गडी बाकावर बसून सामना पाहत राहतो आणि संघाचे आक्रमण त्याच्याबरोबर बाकावर बसते.

शिवाय चढाई ही एकाच जातीची नसते. बोनस गुण समोर किमान सहा गडी असतानाच मिळतो. म्हणून बोनस रेषेवर हुकमत असलेला चढाईपटू डावाच्या आरंभी मोलाचा, पण समोर चार-पाच जण उरले की त्याचे निम्मे शस्त्र बोथट होते. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकडला गेल्यास प्रतिपक्षाला अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात. तेथे धाडसापेक्षा सावधपणाची गरज असते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, अन्यथा बाद व्हावे लागते. त्या चढाईसाठी आणखी निराळ्या, थंड डोक्याच्या माणसाची आवश्यकता असते. ही सारी कामे एकाच्याच गळ्यात बांधली की पहिल्या दहा मिनिटांतच प्रतिपक्षाच्या कोपरारक्षकांना त्याच्या पायाची चाल पाठ होते. मग उरलेला अर्धा तास तो केवळ आपल्या कीर्तीशी झुंजत राहतो.

यू मुम्बाच्या आरंभीच्या यशाचे रहस्य याच्या नेमके उलट होते. कर्णधार अनुपकुमार बोनस रेषेवरचा कसबी खेळाडू होता. त्याच्या जोडीला शब्बीर बापू होता आणि मुंबईचा रिशांक देवाडिगा होता. तिघांच्या चढाईची धाटणी वेगळी असल्याने बचाव करणाऱ्यांना एकाच खेळाचा अंदाज बांधून स्वस्थ बसता येत नसे. त्यांच्या पाठीशी सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे दोन कोपरे पहाऱ्याला उभे होते. चढाईपटू बाद झाला तरी हे दोघे पकडी करून त्याला पुन्हा मैदानात आणीत. म्हणजे ज्याला लोक यू मुम्बाचे आक्रमण म्हणत होते, त्याचा पाया बचावात होता. २०१६ च्या चौथ्या मोसमापूर्वी हे दोन्ही कोपरे बंगळुरूला गेले आणि त्याच मोसमात मुंबईची घसरण सुरू झाली. अनुपकुमार आणि रिशांक हे दोघेही तेव्हा संघात होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुसरी चूक माणसे राखण्यातली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या लिलावात ३६ लाख ४० हजार रुपयांना यू मुम्बाकडे आला. त्याने त्या मोसमात दोनशेहून अधिक गुण चढाईत मिळवले आणि संघाला बाद फेरीत नेले. पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाख रुपयांना तो तेलुगू टायटन्सचा झाला. २०१९ मध्ये अर्जुन देशवाल हा तरुण यू मुम्बाकडून पदार्पण करून गेला. तोही पुढे जयपूर पिंक पँथर्सकडे गेला आणि २०२२ मध्ये सर्वाधिक २९६ चढाई-गुण मिळवून त्याने जयपूरला अजिंक्यपद मिळवून दिले. पारख मुंबईची आणि पीक जयपूरचे, असा हा व्यवहार झाला. लिलावाची पद्धतच अशी आहे, हे उत्तर पुरेसे नाही. ती पद्धत सर्वच संघांना लागू आहे, आणि काही संघांनी त्याच पद्धतीत आपली माणसे राखून दाखवली आहेत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, एकाच अलौकिक चढाईपटूच्या बळावर अजिंक्यपदे मिळाल्याचे दाखले इतिहासात आहेत. परदीप नरवालने २०१७ मध्ये ३६९ चढाई-गुणांचा डोंगर रचला आणि पाटणा पायरेट्सने सलग तिसरे विजेतेपद मिळवले. जानेवारी २०१९ मधील अंतिम सामन्यात पवन सेहरावतने एकट्याने २२ गुण मिळवून बंगळुरूला विजयी केले. हे दाखले खरे आहेत, पण अर्धे आहेत. परदीपच्या दुसऱ्या बाजूने मोनू गोयत सतत गुण आणीत होता. पवनबरोबर रोहितकुमार आणि सांगलीचा काशिलिंग आडके होता. शिखरावरचा कळस दुरून दिसतो, त्याखालची दगडी बांधणी दिसत नाही, एवढाच याचा अर्थ.

उलट बाजूचे दाखले अधिक आहेत आणि अधिक स्पष्ट आहेत. २०१९ च्या उपांत्य सामन्यात बंगाल वॉरियर्सने यू मुम्बाला ३७-३५ असे हरवले, तेव्हा बंगालचा प्रमुख चढाईपटू मणिंदर सिंग जायबंदी होऊन बाहेर होता. त्याच्यावाचूनच बंगालने अंतिम सामनाही जिंकला. २०२२ मध्ये तमीळ थलैवाजने पवनसाठी सव्वादोन कोटींहून अधिक मोजले आणि तो पहिल्याच सामन्यात दुखापतग्रस्त झाला. नरेंदर कंडोला या नवख्या खेळाडूने भार उचलला आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाखांवर रक्कम देऊन घेतले. पवनने आपले काम चोख केले, दोनशेहून अधिक गुण मिळवले. तरीही २२ सामन्यांत अवघे दोन विजय मिळवून टायटन्स तळाला राहिले.

त्याच मोसमात, १ मार्च २०२४ रोजी, पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुण्याने सर्वांत मोठी रक्कम चढाईपटूवर नव्हे, तर मोहम्मदरेझा शादलू या इराणी बचावपटूवर खर्चली होती. चढाईचा भार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे या चौघांत वाटला गेला. पुढील मोसमात शादलू हरियाणाकडे गेला. पुण्याला पहिल्या सहांतही येता आले नाही आणि हरियाणा विजेते ठरले. त्यांनी अंतिम सामन्यात ज्या पाटण्याला ३२-२३ असे नमवले, त्या संघाचा देवांक दलाल हा त्या मोसमातील सर्वाधिक चढाई-गुणांचा मानकरी होता. आक्रमणाची किल्ली बचावाच्या खिशात असते, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत मैदान कसे सांगणार?

यू मुम्बालाही ते काही अंशी उमगले, असे २०२४ च्या मोसमावरून म्हणता येते. त्या वर्षी त्यांनी एक कोटीहून अधिक रक्कम सुनीलकुमार या बचावपटूवर घातली आणि चढाई अजित चव्हाणसारख्या तरुणांच्या हाती सोपवली. तीन मोसमांच्या अपयशानंतर संघ बाद फेरीत गेला. ही दिशा योग्य आहे. पण ती टिकवायची, तर दुसरा, तिसरा आणि चौथा चढाईपटू दरवर्षी लिलावात शोधण्याऐवजी आपल्या अंगणात वाढवावा लागेल. पुण्याने युवा पलटणच्या रूपाने ते केले. अस्लम आणि मोहित हे त्याच वाटेने वर आले.

येथे प्रश्न पुन्हा कोकणात येतो. या मुलखातील मुलगा जांभ्याच्या लाल मातीत अनवाणी खेळतो, तर व्यावसायिक कबड्डी बूट घालून मॅटवर खेळली जाते. मातीत रुतून जोर घेणारा पाय मॅटवर निराळ्या रीतीने टाकावा लागतो. वेग वाढतो, वळण बदलते, उडीनंतर तोल सावरण्याची पद्धत बदलते. विशीच्या उंबरठ्यावर प्रथमच मॅट पाहणाऱ्या मुलाला हे सारे नव्याने शिकावे लागते, आणि तोवर अन्य प्रांतांतील त्याचे समवयस्क पुढे निघून गेलेले असतात. त्यातच पावसाळ्याचे चार महिने उघड्या मैदानावर सराव अशक्य. बचावपटू थोडाफार खंड सोसतो. चढाईपटूचे सारे कसब पायात असल्याने त्याला तो खंड महागात पडतो.

याला उपाय नाही असे नाही. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकारमानापुढील कंपन्यांनी आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात. त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. लोट्यासारख्या औद्योगिक वसाहतीने एकत्र येऊन मॅटसह एक छपराचे सभागृह उभारणे, शाळांच्या मुलांना ते पावसाळ्यात खुले ठेवणे आणि चांगल्या खेळाडूंना कारखान्यांत नोकरीचा आधार देणे, या गोष्टी आवाक्याबाहेरच्या नाहीत. कारखाने या भूमीचे पाणी, रस्ते आणि मनुष्यबळ वापरतात. त्या बदल्यात गावांच्या खेळाला आडोसा मागणे ही याचना ठरत नाही. मुंबईच्या संघचालकांनीही या वसाहतींकडे खेळाडूंचे शेत म्हणून पाहिले, तर त्यात त्यांचाच स्वार्थ साधेल.

अर्थात सभागृह उभे राहिले की उद्या अजिंक्यपद मिळेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. चढाईपटू घडायला सहा-आठ वर्षे लागतात आणि लिलावाचा हातोडा सहा-आठ सेकंदांत पडतो. म्हणूनच संघचालकांना दुसरा मार्ग अधिक मोह घालतो. परंतु दहा वर्षांत त्या मोहाचे फळ काय मिळाले, हे गुणतक्त्यावर लिहिलेले आहे. मध्यरेषा ओलांडणारा एकटा दिसत असला, तरी त्याच्या मागे सहा जण उभे असतात, आणि त्या सहांच्या मागे शेकडो गावांतील मैदाने उभी असावी लागतात. ती मैदाने ओस ठेवून एकट्याच्या पायावर सारा संघ उभा करू पाहणाऱ्यांनी, तो पाय पकडला गेल्यावर आश्चर्य करण्याचे कारण नाही.