डोळे परत देऊ नका

'झील के उस पार' (१९७३) मधली मुमताज आठवा, 'फना' (२००६) मधली काजोल आठवा. आंधळी नायिका, मग ऑपरेशन, मग दृष्टी. 'ब्लाइंड' (२०२३) मध्ये सोनम कपूरला डोळे परत मिळत नाहीत, तर तिच्या मागे सिरियल किलर लागतो. म्हणजे दिसत नसलेल्या बाईला एकतर बरं करायचं, नाहीतर थरारात ढकलायचं. तिनं नुसतं जगायचं म्हटलं की आपल्या पटकथाकारांची शाई संपते.

खरा सिनेमा तर तिथेच आहे. समजा, फणसवाडीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पस्तिशीच्या बाईची नजर गेली. लाकडी जिन्याच्या पायऱ्या ती आठवडाभरात मोजून पाठ करेल. दूध उतू जाण्याआधीचा आवाज ओळखेल. नोट शंभराची की पाचशेची हे रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप सांगेल. पण शेजारीण तिच्यासमोर तिच्या सासूला विचारेल, "हिला चहा चालेल ना?" या वाक्यावर अख्खा सिनेमा उभा राहू शकतो. कारण नजर गेल्यावर जुळवून घ्यायचं असतं ते अंधाराशी कमी आणि अशा माणसांशी जास्त.

आनंद गांधींच्या 'शिप ऑफ थिसियस'नं (२०१३) निदान उलटा प्रश्न विचारला. मुंबईतली अंध छायाचित्रकार आलिया आवाजावरून, स्पर्शावरून फोटो काढते. कॉर्निया बदलल्यावर तिला दिसू लागतं आणि स्वतःचेच नवे फोटो तिला पटेनासे होतात. न दिसण्यातही कमावलेलं काही असतं, हे मान्य करणारा तो दुर्मीळ सिनेमा.

आणि हे सिनेमे बनतात कोणासाठी? जिच्यावर बनतात तिलाच ते पाहता येत नाहीत. संवाद ऐकू येतात. पण पडद्यावर सगळे गप्प झाले की तिच्यासाठी सिनेमा बंद. त्यावर उपाय साधा आहे: ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे दृश्याचं धावतं वर्णन. क्रिकेटची कॉमेंट्री आपण रेडिओवर ऐकलीच ना? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याची तरतूद आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं थिएटरांसाठीही मार्गदर्शक तत्त्वं काढली.

"सिनेमा हे दृश्यमाध्यम आहे, शिवाय खर्च कोण करणार?" असं म्हणणाऱ्यांनी गिरगावचा इतिहास वाचावा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये इथल्याच कोरोनेशनमध्ये लागला, तोही मुका. १४ मार्च १९३१ ला इथल्याच मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला. आवाज आणणंही तेव्हा महागच होतं. आणि आज दादरला असलेली अंध मुलींची कमला मेहता शाळा सुरू झाली १९०० साली, 'हरिश्चंद्र'च्याही तेरा वर्षं आधी. प्रेक्षक सिनेमाच्या आधीपासून हजर आहे. उशीर सिनेमाकडून झालाय.

तुमच्या फोनमध्ये टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर आहे. तो चालू करा, डोळे मिटा आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन असलेला एक मराठी सिनेमा शोधून दाखवा. पुढच्या वेळी आंधळ्या नायिकेचा ट्रेलर येईल, हिरॉइननं भूमिकेसाठी किती दिवस पट्टी बांधून सराव केला याच्या मुलाखती येतील. तेव्हा खाली कमेंटमध्ये टाळ्यांच्या इमोजीऐवजी एवढंच विचारा: ऑडिओ डिस्क्रिप्शन आहे का?