रंगवलेल्या खिडक्यांचे गाव

इटलीतील जेनोवा शहरातून पूर्वेकडे निघालेली पॅसेंजर गाडी समुद्राला बिलगून धावते. एक बोगदा संपतो, क्षणभर निळे पाणी डोळ्यांत भरते आणि लगेच दुसरा बोगदा सुरू होतो. वाटेत रेक्को हे गाव लागते. दुसऱ्या महायुद्धात तेथील रेल्वेपुलावर झालेल्या बॉम्बवर्षावात ते जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झाले. त्यामुळे तेथे बहुतेक इमारती नव्याच दिसतात. त्यानंतरचे स्थानक कामोलीचे. जेनोवापासून जेमतेम पाऊण तासाचा हा प्रवास आहे. लिगुरियाच्या किनाऱ्यावरील पोर्तोफिनो आणि चिंक्वे तेर्रे ही नावे पर्यटकांच्या तोंडी अधिक. कामोली त्या मानाने शांत. सकाळी जाऊन रात्री परतण्यासारखे, आणि व्यापारी माणसाने तर आवर्जून पाहण्यासारखे.

स्थानकाबाहेर पडून पायऱ्यांनी खाली उतरले की गोट्यांचा किनारा लागतो आणि मागे वळून पाहताच सारे गाव एका दृष्टीत येते. सहा-सहा, सात-सात मजल्यांची उंच, अरुंद घरे खांद्याला खांदा लावून समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. कोणी गेरूच्या रंगाचे, कोणी केशरी, कोणी फिकट गुलाबी, तर कोणी हळदीसारखे पिवळे. झडपा मात्र बहुतेक साऱ्या हिरव्या. दूर समुद्रावरून परतणाऱ्या खलाशाला आपले घर ओळखता यावे म्हणून हे रंग दिले गेले, असे गावात सांगतात.

थोडे जवळ गेल्यावर एक गंमत ध्यानात येते. भिंतीवरील नक्षीदार चौकटी, कोरीव दगड, कमानी, इतकेच नव्हे तर कित्येक खिडक्यासुद्धा खऱ्या नसून रंगवलेल्या आहेत. सपाट भिंतीवर छायाप्रकाशाचा असा मेळ साधलेला असतो की खरी खिडकी कोणती आणि चितारलेली कोणती, हे दिवसाच्या उजेडात चटकन सांगता येत नाही. लिगुरियाच्या किनाऱ्यावर ही कला जुनीच आहे. दगडी नक्षीचा खर्च न करता घराला दगडी नक्षीचा थाट आणणे, हा हिशेबी माणसाचा मार्ग म्हणावा लागेल.

हे गाव मुळातच हिशेबी होते. 'कामोली' या नावाची एक लोकप्रिय फोड 'बायकांची घरे' अशी केली जाते. ती भाषेच्या दृष्टीने खरी असो वा नसो, तिच्यामागील वस्तुस्थिती खरी आहे: पुरुष महिनोन्महिने समुद्रावर आणि घरसंसार बायकांच्या हाती. एकोणिसाव्या शतकात या चिमुकल्या गावाची शेकडो शिडाची जहाजे होती. 'हजार शुभ्र शिडांचे नगर' हे बिरूद त्याला त्यामुळेच मिळाले. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीयर्सवर मोहीम काढली तेव्हा रसद वाहून नेण्यासाठी कामोलीची जहाजे भाड्याने घेतली गेली. पुढे १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धातही तेच घडले. काळ्या समुद्राच्या बंदरांतून पश्चिम युरोपकडे जाणारे धान्य वाहून नेणे हा तर त्यांचा नित्याचा धंदा होता.

इतकी जहाजे बांधण्याइतका पैसा एका गावात आला कोठून? उत्तर एका शब्दात आहे: कॅरेट. सराफी पेढीवर सोन्याची शुद्धता चोवीस भागांत मोजतात, हे सर्वांस ठाऊक आहे. भूमध्य समुद्रावरील जुन्या रिवाजानुसार जहाजाची मालकीही अशाच चोवीस भागांत विभागलेली असे आणि त्या प्रत्येक भागालाही 'कॅरेट'च म्हणत. कोणी एका जहाजात दोन भाग घ्यायचा, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात अर्धा. कप्तानाचा भाग असे, जहाज बांधणाऱ्याचा असे, शिडे आणि दोरखंड पुरवणाऱ्याचाही असे. एखादे जहाज बुडाले तर अनेक घरांना थोडी थोडी झळ लागे. एकच घर धुळीस मिळत नसे.

यापुढचे पाऊल त्यांनी १८५३ मध्ये टाकले. जहाजमालकांनी एकत्र येऊन परस्पर सागरी विमा संस्था स्थापन केली. विम्याचा सर्वांत जुना ज्ञात करार १३४७ सालचा, तोही शेजारच्या जेनोवातीलच. तेव्हा विमा ही कल्पना या किनाऱ्याला नवी नव्हती. नवे होते ते इतकेच की येथे विमा उतरवणारे आणि विमा देणारे एकच होते. ज्याची जहाजे संस्थेत नोंदलेली, तोच इतरांच्या नुकसानीचा वाटेकरी. कोणाचे जहाज बुडाले की भरपाई सर्वांनी आपापल्या प्रमाणात सोसायची. अशा व्यवस्थेत शेजाऱ्याचा कप्तान बेपर्वा असून चालत नाही आणि आपलाही असून चालत नाही. परस्परांची पत हेच या संस्थेचे खरे भांडवल होते.

त्या सुबत्तेच्या खुणा आजही पायी फिरून पाहता येतात. १८७६ मध्ये उघडलेले नाट्यगृह गावातील सधन कुटुंबांनी मिळून उभारले. त्यातील सज्जे कुटुंबांच्या मालकीचे होते. म्हणजे तेथेही वाटण्यांचीच पद्धत. अनेक दशके बंद राहिलेले हे नाट्यगृह २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. सागरी संग्रहालयात जहाजांच्या प्रतिकृती, चित्रे आणि नौकानयनाची उपकरणे आहेत. ते ठरावीक दिवशीच उघडते, म्हणून वेळ आधी पाहून जावे. बोस्केत्तोच्या देवळात मात्र अवश्य जावे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेली जहाजांची चित्रे तेथे आहेत. मोडलेली डोलकाठी, फाटलेली शिडे, भिंतीसारखी उभी लाट असे बारीक तपशील त्यांत आढळतात. नफ्याच्या प्रत्येक आकड्यामागे काय पणाला लागलेले असे, ते ही चित्रे पाहून उमगते.

दुपारच्या जेवणाची चिंता शाकाहारी प्रवाशाला असतेच, आणि बंदराचे गाव म्हटल्यावर ती अधिक. तरी लिगुरियात सोय होते. 'फारिनाता' हा पदार्थ हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावरच होतो. मोठ्या तांब्याच्या थाळ्यात भट्टीत भाजलेला हा पदार्थ खाताना धिरड्याची आठवण होते. रेक्कोची प्रसिद्ध चीज भरलेली 'फोकाच्चा' यीस्टशिवाय करतात; मात्र चीजमध्ये प्राणिज रेनेट असण्याचा संभव असल्याने विचारून घ्यावे. तुळशीच्या जातीच्या पानांची हिरवी चटणी 'पेस्तो' येथे सर्वत्र मिळते, पण तिच्यात लसूण आणि चीज दोन्ही असतात. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची तेव्हा अडचण होत नाही. हिवाळ्यात मात्र पाचच्या आधीच अंधारते, तेव्हा शिदोरी जवळ असलेली बरी.

दुपारी धक्क्यावरून सान फ्रुत्तुओझोला जाणारी बोट मिळते. अर्ध्या तासात डोंगराच्या कुशीतील जुना मठ दिसू लागतो. तेथे मोटारीचा रस्ता नाही. एक तर बोटीने जावे, नाही तर डोंगरवाट तुडवावी. त्या खाडीच्या तळाशी, सुमारे १७ मीटर खोल, १९५४ मध्ये येशूचा ब्राँझचा पुतळा उभारलेला आहे. समुद्रात जीव गमावलेल्यांचे स्मरण या किनाऱ्यावर अनेक प्रकारे जपले जाते. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी कामोलीच्या समुद्रावर रात्री हजारो छोटे दिवे सोडतात.

परतीच्या बोटीतून पुन्हा ती रंगीत घरे समोर येतात आणि मनात एक प्रश्न उभा राहतो: इतकी सावध माणसे, इतकी चोख व्यवस्था, मग ती हजार शिडे गेली कोठे?

ती वादळात बुडाली नाहीत. वादळाचा बंदोबस्त कामोलीने उत्तम केला होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. त्या अरुंद मार्गाने शिडाच्या जहाजाला स्वबळावर जाणे कठीण. तो मार्ग वाफेच्या जहाजांचा ठरला. वाफेचे जहाज वाऱ्याची वाट पाहत नसे आणि ठरल्या दिवशी माल पोहोचवत असे. तरीही कामोलीची बरीच घराणी शिडांनाच धरून राहिली. वाफेकडे वळलेल्या युरोपीय मालकांनी विकायला काढलेली जुनी शिडाची जहाजे स्वस्तात मिळत, तीही त्यांनी घेतली. काही कुटुंबे वेळीच वाफेकडे वळली, आणि त्यांचा व्यवसाय मोठ्या बंदराच्या शोधात जेनोवाला गेला. उरलेल्यांचे भाग हळूहळू कवडीमोल झाले.

येथे कामोलीचा खरा धडा आहे. एका घराचे भाग वीस जहाजांत विखुरलेले होते. वहीत जोखीम वाटलेली दिसत होती. पण ती विसाही जहाजे शिडाचीच होती. एका जहाजावर येणाऱ्या संकटापुढे ती वाटणी खरी होती; सर्व जहाजांवर एकाच वेळी येणाऱ्या संकटापुढे ती वाटणीच नव्हती. परस्पर विम्याचेही तसेच. शेजाऱ्याचे जहाज बुडाले तर शेजारी धावून येतो. पण ज्या दिवशी साऱ्या शेजाऱ्यांचा धंदा एकाच कारणाने बसतो, त्या दिवशी कोणी कोणासाठी धावायचे? चार भावांची चार दुकाने एकाच बाजारात एकाच मालाची असतील, तर तेथेही दुकाने चार आणि जोखीम एकच असते. पूर्वजांनी घालून दिलेली पद्धत चुकीची नव्हती. ती कोणत्या संकटासाठी घातली होती, हे पुढच्या पिढीने तपासून पाहणे मात्र आवश्यक होते.

तरी कामोलीचे सर्वस्व गेले असे म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या नौकानयनाच्या शिक्षणाची परंपरा टिकली. जहाजे गेली, विद्या राहिली.

शेवटची गाडी पकडण्याआधी धक्क्यावर थोडा वेळ बसावे. उजेड मावळू लागतो, घरांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि एकेका घरात दिवे लागतात. दिवसा ज्यांतला फरक डोळ्यांना कळत नव्हता, त्या खिडक्या आता आपोआप वेगळ्या होतात. खऱ्या खिडक्यांतून प्रकाश बाहेर येतो. रंगवलेल्या खिडक्या अंधारातच राहतात.