वेळ नेमका कोणाच्या वाट्याला येतो?

सुपरहिरोंच्या कॉमिकचे चाहते एका प्रश्नावर गेली कित्येक वर्षे भांडत आले आहेत. एका संघाची गोष्ट अंकामागून अंक हळूहळू रचत न्यावी, की प्रत्येक अंकात सुरुवात, मारामारी आणि शेवट देऊन मोकळे व्हावे? या वादात सर्वात जास्त नाव निघते ते 'एक्स-मेन'चे. सिनेमांमुळे ही पात्रे आमच्या वस्त्यांतल्या पोरांनाही तोंडपाठ आहेत. काहीजण मोबाईलवर जुने अंक शोधून वाचतात आणि तावातावाने हाच वाद घालतात. तो ऐकताना आम्हाला वाटते, दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि मुख्य प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'एक्स-मेन' १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सुरू केले. जन्मतःच वेगळी शक्ती असलेली म्युटंट माणसे, आणि त्या जन्मामुळेच त्यांचा द्वेष करणारा समाज, ही मूळ कल्पना. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको! पण त्या पहिल्या संघातले पाचही विद्यार्थी गोरे होते. मासिक फारसे चालले नाही. १९७० नंतर जवळजवळ पाच वर्षे त्यात जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. १९७५ साली लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवा संघ आणला. त्यात केनियाहून आलेली एक काळी स्त्री होती, सोव्हिएत रशियातला शेतकरी होता, जर्मन होता, जपानी होता आणि अपाची जमातीतला एक आदिवासी तरुणही होता. लगेचच लेखनाची सूत्रे ख्रिस क्लेअरमॉन्टकडे आली आणि पुढची सोळा वर्षे, म्हणजे १९९१ पर्यंत, ती त्याच्याकडेच राहिली.

हळू गोष्टीची बाजू घेणारे इथूनच दाखले देतात. जीन ग्रे या नायिकेला १९७६ साली फिनिक्सची अफाट शक्ती मिळते आणि तिचा मृत्यू होतो १९८० साली. मधल्या चार वर्षांत ती शक्ती तिला आवडू लागते, एक खलनायक तिच्या मनात हळूहळू शिरतो, मित्रांना शंका येते पण कोणी बोलत नाही. शेवटी तिच्या हातून एक अख्खी वस्ती असलेली ग्रहमाला नष्ट होते, पाच अब्ज जीव जातात. आधीची चार वर्षे वाचलेली नसतील तर तो मृत्यू म्हणजे फक्त एक मोठा स्फोट. वाचलेली असतील तर घरातले माणूस गेल्यासारखे होते. हे म्हणणे आम्हाला मान्य आहे.

विरोधकांचेही ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, दर महिन्याला पदरचे पैसे मोजून वीस-बावीस पाने घ्यायची आणि त्यात काहीच घडू नये? धागे सोडायचे आणि वर्षानुवर्षे उचलायचे नाहीत, ही क्लेअरमॉन्टची जुनी खोड होती. २००० नंतर तर वेगळाच प्रकार सुरू झाला. दोन अंकांत मावेल अशी गोष्ट सहा अंकांपर्यंत ताणायची, कारण सहा अंकांचे मिळून एक पुस्तक विकता येते. याला संयम म्हणत नाहीत, याला धंदा म्हणतात. हेही आम्हाला मान्य आहे.

मग आमचा प्रश्न कोणता? तो असा की गोष्ट हळू असो वा वेगवान, त्यात वेळ कोणाला मिळतो?

स्टॉर्मचे उदाहरण घ्या. १९७५ साली ती पहिल्यांदा दिसते तेव्हा आफ्रिकेतले लोक तिची देवी म्हणून पूजा करत असतात. काळ्या स्त्रीला देवी करून ठेवणे सोपे असते. देवी केली की तिच्या मनात काय चालले आहे हे विचारावे लागत नाही. पुढच्या अंकांनी ते विचारले. कैरोवर बॉम्ब पडले तेव्हा तिचे आईवडील गेले आणि ती लहानगी ढिगाऱ्याखाली अडकली, म्हणून बंद जागेत तिचा जीव आजही घुसमटतो, हे कळले. १९८० साली ती संघाची नेता झाली. १९८४ साली तिची शक्ती गेली. १९८६ च्या पहिल्या अंकात शक्ती नसतानाच तिने नेतृत्वासाठीच्या लढतीत सायक्लॉपला हरवले. अकरा वर्षांत देवीची माणूस झाली आणि माणूस म्हणून पुढारी झाली. हे एका अंकात झाले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता.

मॅग्नेटोचेही तसेच. १९६३ चा मॅग्नेटो म्हणजे जग जिंकू पाहणारा ठोकळेबाज खलनायक. १९८१ च्या दीडशेव्या अंकात तो किटी प्राइड या कोवळ्या ज्यू मुलीवर हल्ला करतो, आपल्या हातून ती मेली असे त्याला वाटते आणि तो जागीच थिजतो. तो स्वतः ऑशविट्झमधून वाचलेला आहे हे वाचकाला तिथे कळते. १९८५ च्या दोनशेव्या अंकात त्याच्यावर खटला चालतो आणि त्यानंतर तोच त्या शाळेची जबाबदारी घेतो. शोषिताचा राग हा मुळातच गुन्हा आहे असे म्हणणारी गोष्ट झटपट लिहिता येते. तो राग आला कुठून हे सांगायला मात्र वर्षे लागतात.

आणि आता तिसरे नाव, जे या वादात फार कमी निघते. थंडरबर्ड. नव्या संघातला तो अपाची तरुण. १९७५ सालीच, तिसऱ्या अंकात, तो मारला गेला. त्याचे लहानपण आम्हाला दिसले नाही, भीती दिसली नाही, त्याचे लोक दिसले नाहीत. दिसला तो त्याचा राग आणि नंतर त्याचे मरण. इतरांना वर्षानुवर्षे देणाऱ्या मालिकेने आदिवासी माणसाला तीन अंक दिले. हळू रचनेचे गोडवे गाणाऱ्यांनी याचेही उत्तर दिले पाहिजे.

इथे कोणी म्हणेल, मग धीर धरा, तुमचीही पाळी येईल. हा धीर आमच्या ओळखीचा आहे. प्रोफेसर एक्स म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, अशी तुलना चाहते नेहमी करतात. त्यात किंग यांना सबुरी शिकवणारा सौम्य गृहस्थ करून टाकले जाते. प्रत्यक्षात किंग यांनी १९६४ साली जे पुस्तक लिहिले त्याचे नावच मुळी आम्ही थांबू शकत नाही अशा अर्थाचे आहे! बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणातली समता आणि सामाजिक जीवनातली विषमता हा विरोध लवकरात लवकर मिटवला नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा दिला होता. रचायला वेळ घेणे वेगळे आणि दुसऱ्याला ताटकळत ठेवणे वेगळे. पहिल्यात रोज एक वीट चढते. दुसऱ्यात फक्त तारीख पुढे ढकलली जाते.

शिवाय हळू रचनेचे पुढे काय होते तेही पाहा. १९९१ साली जिम लीच्या चित्रांसह 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक आला. वेगवेगळी मुखपृष्ठे छापून त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपवल्या गेल्या. त्या मालिकेच्या तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमॉन्ट बाहेर पडला. सोळा वर्षे ज्याने घर बांधले त्याच्या हातात घराची किल्ली नव्हती. पात्रे कंपनीची, निर्णय कंपनीचा. मालकी नसेल तर संयमही उधारीचाच असतो.

म्हणूनच हा अमेरिकेतला वाद आम्हाला परका वाटत नाही. 'अमर चित्रकथा'ने १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. एवढे आयुष्य त्यांच्या नेहमीच्या बत्तीस पानांच्या साच्यात बसवायचे म्हणजे प्रसंगामागून प्रसंग पळवणे आलेच. २०११ साली 'भीमायन' आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी नेहमीच्या चौकटी नाकारल्या. पाणी, निवारा आणि प्रवास या तीन गोष्टींवर त्यांनी पानेच्या पाने थांबून चित्रे काढली. तहानलेल्या मुलाला पाणी मिळत नाही, हा प्रसंग एका चौकटीत उरकला तर ती माहिती होते. त्यावर थांबले तर वाचकाचा घसा कोरडा पडतो.

तेव्हा पुढच्या वेळी गोष्ट हळू की जलद यावर वाद रंगला, तर आमच्या तरुणांनी पाने मोजावीत. कोणाच्या दुःखाला किती पाने, कोणाच्या विचाराला किती, आणि कोण नुसता मरण्यापुरता आणला आहे? तुमच्यापैकी जे चित्रे काढतात, लिहितात, त्यांना आमचे सांगणे एवढेच की आपल्या माणसांना थंडरबर्डसारखे तीन अंकांत संपवू नका. त्यांचे हसणे, त्यांच्या चुका, त्यांची भांडणे, त्यांचा अभ्यास, सगळ्याला जागा द्या. त्यासाठी हवा तेवढा वेळ घ्या. मात्र तो वेळ स्वतःच्या हक्काने घ्या, कोणाच्या परवानगीची वाट पाहत बसू नका.

जय भीम!