फुफीच्या वाट्याच्या फळ्या

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या वाडीतला, मरहूम दादाजींच्या हातचा फणस मुळासकट आडवा झाला. वखारवाल्याने तो जळाऊ लाकडाच्या भावाने मागितला. ओंडका रस्त्यापर्यंत न्यायला क्रेन लागेल, म्हणे. आम्ही वनखात्याच्या कचेरीत विचारून घेतले आणि झाड पडले होते तिथेच चिरायचे ठरवले.

चेनसॉच्या लांब पात्याला एक लोखंडी चौकट आवळतात. तिच्यामुळे पाते ओंडक्याच्या पृष्ठभागापासून ठरावीक खोलीवर आडवे चालते. पण गोल ओंडक्याला सपाट पृष्ठभाग कुठला? म्हणून पहिल्या कापासाठी वर सरळ शिडी ठोकली. पुढचे काप आधीच्या सपाटीवरून. साखळीही वेगळी: आडव्या तोडीसाठी दात साधारण ३० अंशांवर घासतात, उभ्या चिरण्याला १० अंशांवर. मागे पाचरी ठोकत जायचे, नाहीतर पाते अडकते. आवाज असा की कानात बोळे घालूनही डोके उठते. नुकसानही आहेच. प्रत्येक कापात सुमारे ८ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. इंची फळ्या काढल्या तर तीन फळ्यांमागे जवळजवळ एक फळी भुशात जाते. वखारीतला पट्टा-करवत त्याच्या निम्म्याहूनही कमी खातो.

पिवळ्याधमक बारा फळ्या निघाल्या. आता खरा प्रश्न. दादाजींचे वारस दोघे, अब्बा आणि फुफी. म्हणजे तिसरा हिस्सा फुफीचा. इतकी वर्षे त्या झाडाचा एक गराही तिच्या घरी हिश्श्याने गेला नव्हता, हे आम्हाला फळ्या मोजतानाच सुचले. बारातून चार द्याव्यात? पण कडेच्या फळ्या १८ इंची, मधल्या २४ इंची. मग टेप घेतली. एकूण रुंदी भरली २६४ इंच, तिसरा हिस्सा ८८. अब्बा म्हणाले, "आपा आधी निवडेल."

फुफीने मधल्या तीन उचलल्या आणि कडेची एक. नव्वद झाले.

"दोन इंच जास्त झाले की रे," ती म्हणाली.

"गऱ्यांचे समज," अब्बा म्हणाले.

टोकांना रंग फासून, मध्ये पट्ट्या ठेवून सगळ्या फळ्या आमच्याच पडवीत रचल्या. इंचाला साधारण वर्षभर सुकायला लागते. फुफी मधूनमधून येऊन आपल्या चार मोजून जाई.