पुडी आणि गोळी

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास, नाणेघाट आणि जीवधन यांच्या सान्निध्यात वसलेल्या घाटघरच्या, आणि तेथून दक्षिणेस आंबेगावच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या महादेव कोळी वस्त्यांच्या जमाखर्चात भातामागोमाग ज्याचे नाव निघते तो हिरडा होय. कोवळी फळे वेचून अंगणात पसरतात; उन्हाने ती आक्रसतात, काळी पडतात, आणि खडखडीत वाळली की बाळहिरडा या नावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतात. पुढे त्यांचे चूर्ण होते, चूर्णाची पुडी होते. जो मुलूख अशा रीतीने औषधी बाजाराला माल पुरवतो, त्या मुलुखातील दिवाळी अंकाने धनत्रयोदशीस धन्वंतरीचे स्मरण करताना एका अवघड विषयाला हात घालावा, असे आम्हांस या वर्षी तीव्रतेने वाटले. मनोविकारावरील गोळ्या आणि झाडपाल्याची औषधे एकाच देहात एकत्र आली म्हणजे काय घडते, हा तो विषय.

गोळ्या चालू असताना घरातील वडीलधारी माणसे मायेने काढा देतात, कोणी जाणता इसम मुळी उगाळून देतो, आणि डॉक्टरांनी ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असे विचारले, तर रुग्ण निःशंकपणे ‘नाही’ म्हणतो; कारण पाला हे त्याच्या लेखी औषधच नव्हे. उलट वैद्यापुढे बसला म्हणजे गोळ्यांची वाच्यता तो करीत नाही, कारण त्या ‘डोक्याच्या गोळ्या’ आहेत आणि ही गोष्ट गावात कळली तर मुलीचे लग्न अडेल अशी धास्ती त्याला असते. एकीकडे भोळेपणाने आणि दुसरीकडे लज्जेने अशी दुहेरी लपवाछपवी होते, आणि दोन्ही चिकित्सक अर्ध्याच दप्तरावर निकाल देतात.

वनस्पती निरुपद्रवी असते ही समजूत किती पोकळ आहे, याचा सर्वांत बलवत्तर दाखला आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये सर्पगंधेचा उपयोग उन्मादावर आणि रक्तदाबावर होतो असे प्रसिद्ध केले, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि पुढे लवकरच अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन त्याचा गुण जगासमोर ठेवला. आधुनिक मनोविकारचिकित्सेच्या आरंभकाळातील एक औषध हे असे झाडाचे मूळ होते. परंतु मज्जातंतूंच्या टोकांशी सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा जो साठा असतो, तो रेसर्पिन रिता करते. काही रुग्णांत त्याने गाढ खिन्नता आल्याच्या तक्रारी त्याच काळात येऊ लागल्या. आजच्या खिन्नतेवरील बहुतेक गोळ्या त्याच द्रव्यांचा प्रभाव वाढविण्यासाठी झटतात. तेव्हा गोळी घेणाऱ्याने झोपेसाठी म्हणून सर्पगंधेची पुडीही घ्यावी, म्हणजे एका हाताने भरावे आणि दुसऱ्याने उपसावे. सर्पगंधेचा ज्याला अभिमान वाटतो, त्याने तिचे भयही बाळगले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हाच न्याय खाजकुइलीलाही लागू होतो. तिच्या शेंगेवरील कुसळे अंगास लागली म्हणजे काय दाह होतो ते रानात हिंडणाऱ्यास सांगावयास नको. परंतु तिच्या बियांत लेव्होडोपा असतो, हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्ये दाखवून दिले होते. शरीरात त्याचे डोपामाइन होते. कंपवाताच्या रुग्णास ते तारक आहे. भास आणि संशय यांनी ग्रासलेल्या रुग्णास मात्र ज्या गोळ्या देतात, त्या डोपामाइनचाच अंमल रोखतात. अशा रुग्णाने ‘शक्तीसाठी’ हे चूर्ण घेतले तर शमलेला विकार पुन्हा डोके वर काढू शकतो. अश्वगंधेची गोष्ट इतकी उग्र नसली, तरी झोपेच्या गोळ्यांसोबत तिच्याने गुंगी वाढण्याचा संभव असतो.

आणि आमचा हिरडा? तो स्वतः मनोविकारावरील लिथियम या औषधाशी भांडत नाही. परंतु रेचक म्हणून तो अतिरिक्त घेतला आणि जुलाब लागले, तर शरीरातील पाणी व मीठ घटते, मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवू लागतात, आणि ज्या औषधाची गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे, त्याचे रक्तातील प्रमाण चढत जाते. हात थरथरतात, चाल अडखळते, वाचा जड होते. हे दुखणे वाढले असे समजून घरचे लोक आणखी काढा पाजतात, आणि खरे कारण कोणाच्याच ध्यानी येत नाही.

नाणेघाटात जसा जकातीचा नाका होता, तसा यकृतात विकरांचा नाका असतो. बहुतेक औषधे त्याच्यातून जातात. काळी मिरी या नाक्यावरील माणसे कमी करते, म्हणून काही औषधे रक्तात अधिक काळ रेंगाळतात. मात्र याकरिता मिरीची अर्करूप गोळीच लागते, आमटीतील चार दाण्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील दुकानांत बिनदिक्कत मिळणारी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती उलट ती माणसे वाढवते, आणि औषध काम करण्याआधीच शरीराबाहेर जाते. झुरिक येथे हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांचे शरीर तिच्यामुळेच नवे हृदय नाकारू लागले, ही हकीकत 2000 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. खिन्नतेवरील गोळ्यांबरोबर ती घेतली असता सेरोटोनिन बेसुमार वाढून घाम, कंप, ज्वर आणि अस्वस्थता असा जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो.

हे वाचून कोणी उद्या सकाळी गोळ्या बंद करू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे. एकाएकी गोळी थांबवणे हाही मोठाच धोका आहे. झाडपाला जाणणाऱ्यांचा अनादर करण्याचाही आमचा हेतू नाही. त्यांच्या ज्ञानावर या डोंगरातल्या कित्येक पिढ्या जगल्या. रुग्णाला न रागावता, न हसता, ‘घरचे काय काय चालू आहे?’ असे विचारण्याची सवय मात्र डॉक्टरांनी आणि वैद्यांनी सारखीच लावून घ्यावी. काही शंका असल्यास ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

या अंकाचे शेवटचे पान आम्ही जाहिरातीस न देता कोरे, रकाने आखून ठेवले आहे: गोळी, चूर्ण, काढा, तेल, कोणी दिले, केव्हापासून, किती. ते भरून कापून घ्यावे आणि पुढच्या खेपेस दवाखान्यात, तसेच वैद्याकडेही, रुजू करावे. लिहिता न येणाऱ्या आजी-आजोबांचे रकाने घरच्या शाळकरी नातवंडाने भरावेत. पुड्याच सोबत नेल्या तर अधिकच उत्तम.